कोंबड्या सांभाळून लांब पल्ल्याच्या पायी प्रवासाची तयारी: सोळा आठवड्यांचा क्रम

घरी सात-आठ कोंबड्या आणि मनात आठ-दहा दिवसांचा पायी प्रवास, असं असलेले बहुतेक जण सुरुवात बुटांपासून करतात. नवे बूट येतात, पहिल्याच रविवारी पंधरा किलोमीटर होतात, आणि कोंबड्यांचं काय करायचं हा प्रश्न निघायच्या आदल्या आठवड्यात उभा राहतो. मग शेजारच्यांच्या हातात घाईघाईत किल्ली दिली जाते. परत आल्यावर अंडी बंद, एखादी कोंबडी गायब आणि स्वतःचा गुडघा धरलेला. हे तिन्ही टाळता येतं, पण त्यासाठी कामांचा क्रम बदलावा लागतो.

नियम एकच धरा: खुराडं आज तुमच्यावाचून जितके तास नीट चालतं, तितकाच वेळ आज चालायला जायचं. सराव वाढवायचा तर आधी खुराड्याची सोय वाढवायची. पुढचा सगळा क्रम याच नियमावर बेतलेला आहे. हिशेबासाठी आठ कोंबड्या, रोजची वीस किलोमीटरची मजल आणि तयारीला सोळा आठवडे धरले आहेत. आज चार-पाच किलोमीटर विनात्रास चालता येतात, हेही गृहीत आहे. हृदयाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मधुमेहात पायाला झालेली जखम कळतही नाही आणि लवकर भरतही नाही.

## टप्पा १: खुराडं आठ तास एकटं राहू शकेल असं करा (आठवडा १ आणि २)

या दोन आठवड्यांत चालणं नेहमीइतकंच ठेवा. मेहनत खुराड्यावर घ्यायची.

पाणी सगळ्यात आधी. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट किंवा जास्तही. आठ कोंबड्यांना एरवी दोन लिटर आणि उन्हात चार लिटर लागतं. हे पाणी एकाच भांड्यात ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि मीही ती केली आहे. सकाळी सहाला पाच लिटरचं भांडं भरून मी निघालो आणि दुपारी चारला परतलो. भांडं आडवं पडलं होतं, खालचा भुसा भिजून परत वाळलाही होता. आठही कोंबड्या भिंतीच्या सावलीत चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून दूर धरून उभ्या होत्या. गळ्याखालची कातडी थरथरत होती. एकही मेली नाही, पण दुसऱ्या दिवशी दोनच अंडी मिळाली, त्यानंतर अकरा दिवस एकही नाही, आणि दोघींनी पिसं टाकायला सुरुवात केली. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. पाणी तुटलं की कोंबडी आधी अंडं थांबवते.

म्हणून भांडी दोन हवीत. दोन्ही वेगवेगळ्या जागी, दोन्ही सावलीत, आणि एकेक भांडं एकट्याने दिवसभर पुरेल एवढं मोठं. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर विटेवर ठेवा किंवा टांगा, म्हणजे उकरलेली माती त्यात जात नाही. निप्पलची नळी, म्हणजे चोचीने टोचल्यावर पाणी देणारी नळी, बसवणार असाल तर जुनं भांडं लगेच काढू नका. सगळ्या कोंबड्या निप्पलवर पिताना डोळ्यांनी दिसेपर्यंत, निदान आठवडाभर, दोन्ही राहू द्या.

खाद्य. एका कोंबडीला दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम, म्हणजे आठ जणींना साधारण एक किलो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाते. खाद्य बदलायचं असेल तर याच टप्प्यात बदला आणि आठवडाभरात थोडं थोडं मिसळत बदला.

जाळी आणि दार. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवत नाही. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावा आणि तीच जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर जमिनीवर पसरून मातीने झाका. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी कडेला उकरायला लागतं आणि तिथे त्याला जाळी आडवी येते. दाराला नुसता आकडा नको, हाताने दाबून उघडावी लागेल अशी कडी हवी.

दार आपोआप बंद होणारं असेल तर ते सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने बंद व्हायला हवं. घड्याळावर चालणाऱ्या दाराची वेळ दर दोन आठवड्यांनी जुळवा, नाहीतर दिवस मोठा होत जातो आणि शेवटी येणारी कोंबडी बाहेर राहते.

तपासणी. एक दिवस घरीच थांबा, पण सकाळी सहा ते दुपारी दोन खुराड्याकडे फिरकू नका. दोनला जाऊन बघा: दोन्ही भांड्यांत पाणी आहे का, खाद्य सांडलं आहे का, अंडी खोक्यांत आहेत की कोपऱ्यात, कुणी धापा टाकतंय का. हे सगळं नीट असेल तरच पुढचा टप्पा.

## टप्पा २: सकाळचा क्रम बसवा

पहाटे उठून आधी चालायला जायचं आणि आल्यावर कोंबड्या सोडायच्या, हा क्रम उन्हाळ्यात घातक ठरतो. बंद खुराडं उजाडल्यावर पटकन तापतं. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि तिला घाम येत नाही, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायला धापेशिवाय फारसा मार्ग तिच्याकडे नसतो. म्हणून क्रम असा ठेवा:

१. खुराड्याची चप्पल किंवा गमबूट घालून दार उघडा. प्रत्येक कोंबडी स्वतःच्या पायांनी बाहेर येते का, ते बघा. जी आतच बसून राहते तिला उचला आणि गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा. सकाळी ती रिकामी, मऊ हवी. कालचा दाणा तिथे अजून टणक लागत असेल तर आज लांब जायचं नाही.

२. पाणी बदला, खाद्य बघा.

३. हात साबणाने धुवा. कोंबड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो आणि निरोगी दिसणाऱ्या कोंबडीकडूनही तो येतो.

४. मग मोजे, मग चालायचे बूट.

चौथा मुद्दा बहुतेकांना क्षुल्लक वाटतो. चालायचे बूट घालूनच खुराड्यात गेलं की दोन नुकसानं होतात. पहिलं पायाचं. सकाळी गवतावर दव असतं, वीस पावलांत मोजा ओला होतो, आणि ओल्या कातडीवर फोड फार लवकर येतो. मी महिनाभर करंगळीवरच्या फोडासाठी बुटांना दोष देत होतो. एकदा खुराड्यातून आल्यावर मोजा काढून पिळला, तेव्हा अंगठ्यावर पाण्याचे थेंब आले. दुसरं नुकसान कोंबड्यांचं. चालताना तुम्ही दुसऱ्यांच्या अंगणातून, पाणवठ्यावरून, रानपाखरांच्या विष्ठेवरून जाता. तेच बूट खुराड्यात गेले तर रोगही आत जातो. चालायच्या बुटांना खुराड्याच्या दारात थांबवायचं, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा.

अंडी परत आल्यावर गोळा केली तरी चालतं, बहुतेक कोंबड्या सकाळच्या वेळातच घालतात. उन्हाळ्यात मात्र दुपार उलटू देऊ नका.

## टप्पा ३: पाय तयार करणं (आठवडा ३ ते ८)

दम लवकर वाढतो. तीन-चार आठवड्यांत चढावर बोलत चालता येतं आणि आपण तयार झालो असं वाटतं. पण स्नायूबंध आणि हाडं त्याच वेगाने तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. सरावातली बरीचशी दुखणी या मधल्या काळात येतात. म्हणून अंतर दम बघून नाही, तक्ता बघून वाढवायचं.

आठवड्याचं एकूण अंतर, किलोमीटरमध्ये:

- आठवडा १ ते ४: २०, २२, २४, १८
- आठवडा ५ ते ८: २६, २९, ३२, २४
- आठवडा ९ ते १२: ३५, ३८, ४२, ३२
- आठवडा १३ ते १६: ४५, ५०, ३०, १५

वाढ दर वेळी साधारण दहा टक्के आहे आणि चौथा आठवडा मुद्दाम हलका आहे. हलका आठवडा गाळून पुढे उडी मारू नका, शरीराची डागडुजी त्यातच होते. आठव्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून चार-पाच दिवस चाला. त्यातली एक चाल लांब, बाकीच्या चार-पाच किलोमीटरच्या. सातव्या आठवड्यात लांब चाल बारा किलोमीटरवर यायला हवी.

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजलेला असतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मोजे सुती नकोत, लोकरीचे किंवा सिंथेटिक हवेत, आणि दुकानात बूट घालून बघताना तेच पायात असू द्या. प्रवासाचा जोड पाचव्या आठवड्याच्या आत पायात आला पाहिजे.

चुरचुरलं की थांबा. फोड येण्याआधी त्या जागी चुरचुर किंवा गरम लागतं. पुढच्या वळणावर बघू असं म्हणू नका. तिथेच बसा, बूट-मोजा काढा, पाय कोरडा करा, चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा. पाच मिनिटं जातात. फोड झालाच आणि लहान असेल तर फोडू नका. मोठा, ताणलेला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचा, पाणी जाऊ द्या, वरची कातडी तशीच ठेवून झाका. उघडा फोड असताना खुराडं साफ करायचं काम दुसऱ्याला द्या. ते जमत नसेल तर पट्टी आणि बंद गमबूट घाला, आणि हात धुतल्याशिवाय फोडाला हात लावू नका.

कोणत्या दुखण्यावर थांबायचं? चालल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी, पोटरी भरून येते, ते चालतं. नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल आणि चालताना वाढत असेल, तर चालणं बंद करून डॉक्टरांना दाखवा, हाडाला बारीक चीर असू शकते. सकाळी उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाच दुखत असेल तर तो आठवडा निम्म्यावर आणा. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम रोज करा.

खुराड्याचं काम हासुद्धा भारच आहे, हे विसरू नका. बादली दर खेपेला हात बदलून न्या. अंड्यांसाठी कमरेतून वाकण्याऐवजी उकिडवे बसा, मांड्या तयार होतात. पण लांब चालीच्या दिवशी खुराडं खरवडायला घेऊ नका. थकलेल्या मांड्या वजन घेत नाहीत आणि सगळा भार कमरेवर जातो.

## टप्पा ४: परतीची वेळ काढा, मगच अंतर वाढवा

लांब चालीच्या दिवशी चुकणारी गोष्ट म्हणजे परतीची वेळ. अंधार पडताना दार उघडं राहिलं की जनावराला एक फेरी पुरते.

डोंगरचढाईतल्या लोकांचा एक जुना हिशेब इथे उपयोगी पडतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी तो १८९२ मध्ये मांडला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. अठरा किलोमीटर आणि सहाशे मीटर चढ असेल तर साडेचार तासांच्या थोडं वर. यात विश्रांती नाही. बसणं, खाणं, पाय बघणं यांसाठी पाव हिस्सा वाढवा, म्हणजे पावणेसहा तास. शिवाय सूर्यास्ताच्या दोन तास आधी घरी पोहोचायचं ठरवा. हे दोन तास मुरगळलेल्या घोट्यासाठी आणि चुकलेल्या वाटेसाठी आहेत.

ही वेळ घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला सांगून निघा. ‘अमुक वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर दार लाव,’ एवढं पुरे.

## टप्पा ५: पाठीवरचं वजन (आठवडा ८ पासून)

वजन आणि अंतर एकाच आठवड्यात वाढवू नका. हलक्या आठवड्यात वजन वाढवा, बाकीच्या आठवड्यांत अंतर. एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त नको. भरलेली सॅक शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आतच ठेवा, दहाव्या हिश्शापर्यंत आणता आली तर उत्तम.

सरावासाठी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. चढ संपला आणि गुडघा कुरकुरायला लागला तर पिण्यापुरतं ठेवून बाकीचं ओतून द्या आणि हलक्या पाठीने उतरा. उतारावर मांडीचे स्नायू ताणलेल्या स्थितीत काम करतात, म्हणून चढापेक्षा उतारच दुसऱ्या दिवशी जास्त दुखतो. उतरताना बुटाची वरची नाडी घट्ट करून टाच मागे रोवा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात.

## टप्पा ६: लागोपाठचे दोन दिवस आणि बदली माणूस (आठवडा ९ ते १४)

एका दिवसात पंचवीस किलोमीटर चालू शकणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना खचतो. प्रवासात रोजच तसा दुसरा दिवस असतो. म्हणून नवव्या आठवड्यापासून लांब चाली जोडीने करा: तेरा आणि दहा, मग चौदा आणि बारा, सोळा आणि चौदा, अठरा आणि पंधरा, शेवटी वीस आणि अठरा. मधल्या बाराव्या, हलक्या आठवड्यात जोडी नको. उरलेलं अंतर आठवड्यात तीन छोट्या फेऱ्यांत वाटा.

हे शनिवार-रविवार हीच बदली माणसाची शाळा. निघायच्या दिवशी तोंडी सांगितलेलं कुणाच्याही लक्षात राहत नाही. तीन पायऱ्यांनी शिकवा:

पहिल्यांदा तो बघेल, तुम्ही कराल. संध्याकाळी बोलवा, दांडीवर बसलेल्या कोंबड्या मोजायला लावा. काळोखात काळी कोंबडी दिसत नाही, टॉर्च कुठून मारायचा ते तिथेच दाखवा.

दुसऱ्यांदा तो करेल, तुम्ही बघाल. मध्ये बोलू नका. तो कुठे अडखळतो ते टिपून घ्या: कडी उलटी लागते, खाद्याच्या डब्याचं झाकण नीट बसत नाही, पाण्याचं भांडं भरल्यावर गळतं. यातल्या निम्म्या अडचणी तुमच्या सवयीने झाकलेल्या असतात. त्या माणसाला सांगून सोडवू नका, वस्तूच दुरुस्त करा.

तिसऱ्यांदा तुम्ही नसाल. चौदाव्या आठवड्यातल्या वीस-अठरा किलोमीटरच्या जोडीला रात्र बाहेर काढा. रोज दोन निरोप मागवा: सकाळी ‘सगळ्या बाहेर आल्या’, संध्याकाळी ‘आठ मोजल्या, दार लावलं’. आकडा आलाच पाहिजे. नुसतं ‘सगळं ठीक’ चालणार नाही.

दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात एक कागद लावा. त्यावर सकाळची कामं, संध्याकाळची कामं, पशुवैद्यांचा फोन, आणि हे तीन निर्णय आधीच लिहिलेले असू द्या:

- एखादी कोंबडी मलूल दिसली तर तिला वेगळ्या खोक्यात पाणी-खाद्य देऊन ठेवायचं आणि कळवायचं.
- एक मेली तर उघड्या हाताने उचलायची नाही. हातमोजे घालायचे किंवा पिशवीत हात घालून उचलायचं.
- एक-दोन दिवसांत दोन-तीन अचानक मेल्या तर कशालाही हात न लावता ताबडतोब पशुवैद्यांना फोन. बर्ड फ्लूची शक्यता असते.

ज्याच्या घरी स्वतःच्या कोंबड्या आहेत तो माणूस अनुभवी म्हणून सोयीचा वाटतो, पण त्याच्या चपलांमधून रोग इकडचा तिकडे जातो. तोच येणार असेल तर तुमच्या खुराड्याचे वेगळे गमबूट दारात ठेवा आणि आत जाताना तेच घालायला सांगा.

## टप्पा ७: शेवटचे तीन आठवडे

तीन आठवडे आधी रात्री टॉर्च घेऊन जा आणि पांढरा कागद दांडीच्या खालच्या बाजूने व फटींमधून फिरवा. कागदावर लाल डाग उमटले तर रक्त पिणारे किडे आहेत. ते दिवसा फटीत लपतात, म्हणून दिवसा खुराडं स्वच्छच दिसतं. उष्ण हवेत त्यांची नवी पिढी सात-आठ दिवसांत तयार होते, त्यामुळे उपचार एकदा करून भागत नाही, सात-दहा दिवसांनी परत करावा लागतो. म्हणूनच ही तपासणी तीन आठवडे आधी, आदल्या दिवशी नव्हे.

या काळात नवं काहीही करू नका. नव्या कोंबड्या आणू नका, खाद्य बदलू नका, दांड्या-खोकी हलवू नका. अंडी उबवायला ठेवली तर पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात. ती तारीख प्रवासात पडत असेल तर ठेवूच नका. खुडूक, म्हणजे उबवायला बसलेली, कोंबडी आठवडाभर आधी खोक्यातून उतरवा, नाहीतर ती खोकं अडवून बसते आणि बाकीच्या अंडी भलतीकडे घालतात.

चालणं कमी करा. शेवटच्या दोन आठवड्यांत तीस आणि पंधरा किलोमीटरच. या दिवसांत पाय शिवशिवतात आणि तयारी कमी पडली असं वाटतं. तरीही वाढवू नका. दोन आठवड्यांत नवी ताकद येत नाही, फक्त थकवा साठतो.

तीन दिवस आधी पायाची नखं सरळ कापा. खाद्य मोजून कोरड्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. बारा दिवसांना आठ कोंबड्यांचं बारा किलो होतं, पंधरा ठेवा. ओलं किंवा बुरशीचा वास येणारं खाद्य टाकून द्या. भुसा बदला. वाकून नाक भुशाजवळ नेल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया साचला आहे, म्हणजे वरची खिडकी आणखी उघडायला हवी.

आदल्या संध्याकाळी दार, कडी, जाळीचा खालचा काठ हाताने चाचपून बघा. डोळ्यांना न दिसलेली सैल तार बोटांना लागते.

## परत आल्यावर

बूट बाहेरच काढा, तळवे घासून धुवा आणि उन्हात वाळवा. अंग धुऊन, कपडे बदलून, खुराड्याची चप्पल घालून मगच कोंबड्यांकडे जा. अंडी कमी झाली असतील तर लगेच खाद्य बदलायला घेऊ नका. आधी बदली माणसाकडून दिवसवार आकडे घ्या आणि कोणत्या दिवसापासून घट झाली ते बघा. त्या दिवशी पाणी, दार, कुत्रा यांपैकी काय घडलं होतं, ते विचारा. स्वतःच्या पायांना आठवडाभर दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांवर ठेवा. पहिल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन दांडीवरच्या कोंबड्या स्वतः मोजा. मोजता मोजता एकेकीचं छातीचं हाड चाचपा, हलकी कोण झाली ते तिथे कळतं.